सरासऱ्यांचा निवाडा

सरासरी ही मोठी सोयीची वस्तू आहे. महिनाभराच्या नोंदवह्यांचे बाड उलगडून पाहण्याइतकी सवड कोणास असते? दिवाणजी बेरीज करतो, दिवसांच्या संख्येने भागतो, आणि तीस दिवसांच्या खटपटीचा एक आकडा होतो. हा आकडा फळ्यावर लिहिता येतो, बैठकीत वाचून दाखविता येतो, आणि त्याच्या जोरावर एखाद्याची मजुरीही कापता येते. अडचण येते ती असे दोनतीन आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे. पहिल्या शेडची सरासरी एक, दुसरीची दुसरी, तिसरीची तिसरी. आकडे निरनिराळे असले की त्यांत एक सर्वांत वाईट असणारच. आणि जो सर्वांत वाईट तो गुन्हेगार, असे ठरविण्यास मग कोणी फार वेळ लावीत नाही.

आम्ही यंत्रमागाच्या गावात गेली तीसएक वर्षे कामगारांची संघटना चालवीत आहोत. आमचे शालेय शिक्षण बेताचे. जे गणित आम्हांस येते ते मजुरीच्या आणि बोनसच्या तक्त्यांनी शिकविले, आणि पुढचे युनियनच्या कचेरीत रात्री पुस्तके उघडून बसल्याने आले. तेव्हा या व्यासपीठावरून आम्ही संख्याशास्त्रावर बोलावे, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु या शास्त्रात एक साधन असे आहे की ज्याचा संबंध थेट कामगाराच्या मजुरीशी येतो. त्याचे नाव प्रचरणाचे पृथक्करण. नाव जड आहे. युक्ती तितकी जड नाही. अनेक गटांच्या सरासऱ्या एकदम तुलनेस घ्यावयाच्या असतील, तर त्यांच्यातील फरक खरोखर दखल घेण्याजोगा आहे, की रोजच्या चढउतारातून तो आपोआप निपजला आहे, हे या युक्तीने ठरवितात. ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही त्यांनीही हे ऐकावे अशी आमची विनंती आहे. कारण शाळाशाळांचे निकाल, तालुक्यातालुक्यांतील एकरी उतारा, निरनिराळ्या औषधांचे गुण, हे सारे अशाच सरासऱ्यांच्या रूपाने वर्तमानपत्रांतून आपल्यापुढे येत असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे आमचे आहेत, केवळ समजुतीपुरते. मागावर ताण्याचा धागा तुटला की माग थांबवावा लागतो. कामगार तुटलेली टोके शोधतो, गाठ मारतो, धागा फणीतून ओवून पुन्हा माग चालू करतो. तेवढा वेळ कापड विणले जात नाही. आणि मजुरी विणलेल्या कापडावर असली तर तेवढा वेळ त्याला मजुरीही नाही. म्हणून दिवसाकाठी धागा किती वेळा तुटला, ही नोंद मालकास जितकी महत्त्वाची तितकीच कामगारासही आहे. आता तीन पाळ्या घ्या, आणि प्रत्येकीच्या तीन दिवसांच्या नोंदी घ्या. पहिल्या पाळीत धागा १९, २० व २१ वेळा तुटला. दुसरीत २३, २४ व २५ वेळा. तिसरीत २७, २८ व २९ वेळा. सरासऱ्या २०, २४ आणि २८. येथे कोणीही सांगेल की तिसऱ्या पाळीत काहीतरी वेगळे आहे. पहिल्या पाळीचा सर्वांत वाईट दिवसही तिसऱ्या पाळीच्या सर्वांत चांगल्या दिवसापेक्षा बराच बरा आहे.

आता दुसरा कारखाना. पहिल्या पाळीच्या नोंदी ८, २० व ३२. दुसरीच्या १२, २४ व ३६. तिसरीच्या १६, २८ व ४०. सरासऱ्या काढा : २०, २४ आणि २८. फळ्यावर दोन्ही कारखान्यांचे आकडे तंतोतंत सारखेच लिहिले जातील. परंतु या दुसऱ्या कारखान्यात एकाच पाळीत एका दिवशी ८ आणि दुसऱ्या दिवशी ३२ असा प्रकार चालला आहे. तीच माणसे, तेच माग, आणि एका दिवसात चोवीसाचा फरक. जेथे एकाच पाळीच्या पोटात चोवीसाचे अंतर पडते, तेथे दोन पाळ्यांच्या सरासऱ्यांत चाराचे अंतर पडले म्हणून आरडाओरड करण्यात काय अर्थ आहे?

एवढे ज्याला पटले त्याला या शास्त्राचे मर्म कळले. सरासऱ्यांमधील फरक मोठा की लहान, हे त्या सरासऱ्यांकडे पाहून सांगता येत नाही. त्याला माप पाहिजे. आणि ते माप गटाच्या आतल्या चढउतारात असते. फळ्यावर सरासरी लिहिणारा माणूस नेमके हे माप पुसून टाकतो.

आता आकडेमोड. श्रोत्यांनी घाबरू नये, बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे येथे काही लागत नाही. नऊ नोंदींची मिळून सरासरी २४. प्रत्येक पाळीची सरासरी या २४ पासून किती दूर आहे ते पाहा : उणे ४, शून्य, आणि अधिक ४. नुसती बेरीज केली तर शून्य येते, म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करावयाचा : १६, ०, १६. प्रत्येक पाळीच्या नोंदी तीन, म्हणून तिप्पट : ४८, ०, ४८, एकूण ९६. ही झाली गटागटांमधील वर्गबेरीज. नंतर प्रत्येक नोंद तिच्या स्वतःच्या पाळीच्या सरासरीपासून किती दूर आहे ते पाहावयाचे, आणि त्या अंतरांचे वर्ग मिळवावयाचे. पहिल्या कारखान्यात ही बेरीज येते केवळ ६. दुसऱ्यात येते ८६४. ही झाली गटांच्या आतील वर्गबेरीज. यात एक मौज आहे. पाळ्या विसरून नऊच्या नऊ नोंदींची २४ पासूनची अंतरे घेऊन वर्ग केले तर पहिल्या कारखान्यात १०२ येतात, म्हणजे ९६ अधिक ६. दुसऱ्यात ९६०, म्हणजे ९६ अधिक ८६४. एकूण चढउताराची ही अशी काटेकोर वाटणी होते, पैसुद्धा इकडची तिकडे होत नाही. म्हणूनच याला पृथक्करण म्हणतात. भावाभावांच्या वाटणीत हा काटेकोरपणा आढळत नाही.

या दोन वाट्यांची तुलना करण्यापूर्वी प्रत्येकास योग्य संख्येने भागावे लागते. तीन सरासऱ्या २४ भोवती आहेत. त्यांतील दोन कळल्या की तिसरी आपोआप ठरते, म्हणजे मोकळ्या अशा दोनच. म्हणून ९६ ला २ ने भागावयाचे : ४८. आतल्या बाजूस प्रत्येक पाळीच्या तीन नोंदींपैकी दोन मोकळ्या, म्हणजे तिन्ही पाळ्यांच्या मिळून सहा. पहिल्या कारखान्यात ६ भागिले ६ म्हणजे १. दुसऱ्यात ८६४ भागिले ६ म्हणजे १४४. शेवटी बाहेरच्या आकड्यास आतल्या आकड्याने भागले की काम संपले. पहिल्या कारखान्यात ४८ भागिले १ म्हणजे ४८. दुसऱ्यात ४८ भागिले १४४ म्हणजे एक तृतीयांश.

पाळ्यापाळ्यांत खरा फरक मुळीच नसेल तर हा भागाकार एकाच्या आसपास यावा, कारण मग दोन्ही आकडे एकाच चढउताराचे माप असतात. योगायोगाने तो थोडा वर जाईल, थोडा खाली जाईल. किती वर गेला म्हणजे दखल घ्यावयाची याचे तक्ते छापलेले आहेत. आपल्या उदाहरणात, म्हणजे वर २ आणि खाली ६ मोकळ्या नोंदी असताना, ही मर्यादा ५.१४ आहे; खरा फरक नसताना भागाकार या मर्यादेपलीकडे विसांतून एकदाच जाईल. ४८ ही संख्या त्याच्या कितीतरी पुढे आहे. एक तृतीयांश तर एकाच्याही अलीकडे आहे. फळ्यावरचे आकडे सारखे, आणि निवाडे अगदी उलट!

कोणी म्हणेल की एवढा खटाटोप कशाला, दोन दोन सरासऱ्या घेऊन एकेक जोडी तपासली तर काय बिघडले? बिघडते ते असे. प्रत्येक तपासणीत विसांतून एकदा उगाच ठपका येणार हे आपण मान्य केलेले आहे. तीन गटांच्या जोड्या तीनच होतात, तेथे फारसे बिघडत नाही. सहा गटांच्या १५ होतात. वीस कामगारांच्या सरासऱ्या घेतल्या तर जोड्या होतात १९०. आणि ते वीसही जण अगदी समान कुवतीचे असले तरी या १९० पैकी सरासरीने नऊदहा जोड्यांत ‘फरक आहे’ असा कौल पडेल. ज्या मालकाला कोणाला तरी काढावयाचेच आहे त्याला एवढ्या जोड्या पुरेशा आहेत. पुष्कळ वेळा जाळे टाकले की काहीतरी लागतेच. प्रचरणाच्या पृथक्करणात जाळे एकदाच टाकतात : या साऱ्या सरासऱ्यांत मिळून काही खरा फरक आहे काय, हा एकच प्रश्न आधी विचारावयाचा. ‘नाही’ असे उत्तर आले तर जोड्या लावीत बसण्याचे कारण नाही.

ही युक्ती कारखान्यात जन्मली नाही, शेतात जन्मली. इंग्लंडात हार्पेंडन येथे रॉथॅमस्टेड नावाचे शेतीसंशोधनाचे केंद्र आहे. तेथे १८४३ पासून गव्हाला निरनिराळी खते घालून उताऱ्याच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. पाऊणशे वर्षांच्या या नोंदींचे करावयाचे काय, म्हणून १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाच्या तरुण गणित्यास तेथे नेमले. एकाच शेतातले दोन तुकडे, एकच बियाणे, एकच खत, तरी उतारा सारखा येत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. जमीन कोठे चांगली, कोठे हलकी. पाणी कोठे साचते, कोठे वाहून जाते. मग खताने पडलेला फरक आणि जमिनीने पडलेला फरक वेगळा कसा काढावयाचा? १९२३ साली फिशर यांनी विनिफ्रेड मॅकेंझी यांच्यासमवेत बटाट्याच्या बारा जातींवर खतांचा काय परिणाम होतो याचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात या पृथक्करणाचा तक्ता प्रथम मांडलेला दिसतो. १९२५ साली त्यांचे संशोधकांसाठी लिहिलेले पुस्तक आले आणि ही पद्धत जगभर गेली. शेवटच्या भागाकारास फिशर यांच्या नावाचे आद्याक्षर घेऊन ‘एफ’ असे नाव दिले ते अमेरिकेतील आयोवाचे संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज स्नेडेकर यांनी, १९३४ साली.

फिशर यांची माणसांविषयीची मते आम्हांस पटणारी नाहीत. सुप्रजननाच्या चळवळीचे ते पुरस्कर्ते होते. आणि १९५७-५८ च्या सुमारास सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे मानावयास त्यांनी नकार दिला, त्या वेळी तंबाखूच्या कारखानदारांच्या समितीचे ते सल्लागारही होते. हे सांगून ठेवलेले बरे. त्यांच्या गणितात मात्र त्यामुळे खोट येत नाही.

आपल्याकडे ही विद्या रुजविण्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे यांनी मिळून लिहिलेला ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला, आणि पुढे कित्येक वर्षे तो शेतकी महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या हाती राहिला. त्याचे नाव ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अॅग्रिकल्चरल वर्कर्स’. फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकाच्या नावातही ‘वर्कर्स’ हा शब्द आहे. हे वर्कर म्हणजे संशोधक, शेतमजूर नव्हेत. तरी संख्याशास्त्रज्ञ स्वतःस कामगार म्हणवून घेतात हे पाहून आम्हांस बरे वाटते.

शेतातून ही युक्ती कापडाच्या धंद्यात कशी आली, ते आता पाहू. कारण आमचा खरा विषय तोच आहे. मँचेस्टर येथे ब्रिटिश कापूस उद्योगाच्या संशोधनसंस्थेत एल. एच. सी. टिपेट नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. फिशर यांच्या हाताखाली ते शिकले होते. १९५० साली त्यांनी कारखान्यांतील संख्याशास्त्राच्या उपयोगावर जे पुस्तक लिहिले, त्यात ताण्याचे धागे तुटण्याच्या ५४ नोंदी दिलेल्या आहेत. लोकरीच्या सुताचे दोन प्रकार घेतले. प्रत्येक सूत मागावर तीन तऱ्हेने ताणले, सैल, मध्यम आणि घट्ट. असे सहा गट झाले, आणि प्रत्येक गटात नऊ नोंदी. प्रत्येक नोंद म्हणजे ठराविक लांबीच्या सुतामागे ताणा किती वेळा तुटला तो आकडा. जगातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी आजवर या आकड्यांवर हात बसविला आहे. पहिल्या सुताचे आकडे आम्ही येथे पूर्ण देतो, म्हणजे ज्याला वाटेल त्याने घरी जाऊन ताडून पाहावे :

सैल ताण : २६, ३०, ५४, २५, ७०, ५२, ५१, २६, ६७
मध्यम ताण : १८, २१, २९, १७, १२, १८, ३५, ३०, ३६
घट्ट ताण : ३६, २१, २४, १८, १०, ४३, २८, १५, २६

सरासऱ्या अनुक्रमे ४४.६, २४.० आणि २४.६. वर सांगितलेल्या रीतीने गटागटांमधील वर्गबेरीज येते २४६८.५, ती दोनाने भागली की १२३४.३. गटांच्या आतील वर्गबेरीज ४०६४.४, प्रत्येक गटातील नऊपैकी आठ नोंदी मोकळ्या, म्हणून तिला २४ ने भागावयाचे : १६९.४. भागाकार ७.२९. विसांत एक या कसोटीची मर्यादा येथे ३.४० आहे, आणि शंभरांत एक या अधिक कडक कसोटीची ५.६१. दोन्ही ओलांडल्या गेल्या. ताण बदलल्याने धागा तुटण्यात फरक पडतो, हे या सुतापुरते सिद्ध झाले असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु येथेच थांबून आतल्या आकड्यांकडे पुन्हा पाहा. सूत तेच, ताण तोच सैल, आणि तरी एका नोंदीत २५ तर दुसरीत ७०! एकूण वर्गबेरीज ६५३३. तिच्यातील ४०६४ ही गटांच्या आतली आहे. म्हणजे ताणाचा परिणाम निर्विवाद असूनही एकूण चढउतारापैकी तीन पंचमांशाहून अधिक भाग ताणाने समजावून सांगता येत नाही. तो त्या सुताच्या आणि यंत्राच्या अंगचा आहे. ज्या दिवशी ७० वेळा धागा तुटला त्या दिवशी मागावर जो उभा होता, त्याने काय केले होते? टिपेट यांच्या तक्त्यात विणकराचे नाव कोठेच नाही, आणि तरी आकडे १० पासून ७० पर्यंत हेलकावे खातात. एका दिवसाच्या नोंदीवरून कामगारास जाब विचारणाऱ्या प्रत्येकाने हा तक्ता एकदा वाचावा.

दुसऱ्या सुताचे आकडे सारे देत नाही. त्याच्या सरासऱ्या सैल ताणावर २८.२, मध्यमवर २८.८, आणि घट्टवर १८.८, भागाकार ४.०६. म्हणजे विसांत एक ही कसोटी उतरली, शंभरांत एक ही उतरली नाही. याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. पहिले सूत सैलावरून मध्यम ताणावर आणले की तुटणे जवळजवळ निम्म्यावर येते, आणि त्याहून घट्ट करून काही लाभ नाही. दुसऱ्या सुतात सैलावरून मध्यमवर आणून काहीच होत नाही. लाभ होतो तो घट्ट केल्यावर. मग मागावर ताण कोणता ठेवावा? कोणते सूत, हे सांगितल्यावाचून या प्रश्नाला उत्तरच नाही. दोन कारणे अशी एकमेकांत गुंतली म्हणजे त्यास शास्त्रात परस्परक्रिया म्हणतात. फिशर आणि मॅकेंझी यांच्या बटाट्यांत ही परस्परक्रिया आढळली नव्हती. निरनिराळ्या जातींनी खताला सारखाच प्रतिसाद दिला होता. टिपेट यांच्या सुतांत ती आढळते. मागवाल्याला हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते. सूत बदलले की तो आधी ताण पाहतो.

एका कामगाराने किती माग सांभाळावेत, हा वाद शंभर वर्षांचा आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो सार्वत्रिक संप चालला, त्यात माणशी यंत्रे वाढविण्याचा प्रश्न अग्रभागी होता. आणि माग किती सांभाळता येतील हे मुख्यतः धागा किती वेळा तुटतो यावर ठरते. सरासरीवर हिशेब केला तर चार माग सहज जमतात असे दिसेल. परंतु कामगाराला सरासरी दिवस कधी भेटत नाही. त्याला पंचवीसाचा दिवस भेटतो आणि सत्तराचाही भेटतो.

आमच्या अनुभवातील एक प्रकरण सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. तीन शेडच्या सरासऱ्या फळ्यावर लागल्या, आणि तिसऱ्या शेडच्या कामगारांच्या मजुरीतून कपात सुरू झाली. आम्ही सरासऱ्यांवर वाद घातला नाही. रोजच्या नोंदवह्या मागितल्या. त्या मिळण्यास दीड महिना गेला, आणि अखेर तडजोडीच्या बैठकीत मिळाल्या. आकडेमोड केली, तो भागाकार मर्यादेच्या पलीकडे गेला. म्हणजे शेडशेडमधील फरक खरा होता. आमच्या काही सोबत्यांना हे मुळीच रुचले नाही. असले गणित मालकाच्या बाजूचे, ते गुंडाळून ठेवा, असेही एकाने सुनावले. गुंडाळून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. आकडा गैरसोयीचा निघाला म्हणून तो दडपणाऱ्याने पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने वह्या मागाव्यात? परंतु शेडमध्ये फरक आहे एवढेच हे गणित सांगते. फरक कशाने आहे ते सांगत नाही. म्हणून त्याच नोंदी आम्ही पुन्हा मांडल्या, या वेळी बीमवर कोणत्या गठ्ठ्याचे सूत होते त्याप्रमाणे गट पाडून. एकाच गठ्ठ्याच्या सुतापुरते पाहिले तर तिन्ही शेड सारख्या निघाल्या. हलक्या सुताचे बीम बहुतेक तिसऱ्या शेडमध्ये जात होते, कारण तेथले माग जुने होते आणि तेथे नवी माणसे होती. पुढे कपात थांबली. जी झाली होती ती मात्र परत मिळाली नाही.

रॉथॅमस्टेडच्या शेतात असे होऊ नये म्हणून फिशर यांनी एक नियम घालून दिला होता. कोणत्या तुकड्यास कोणते खत, हे माणसाने ठरवावयाचे नाही. ते दैवावर सोपवावयाचे, चिठ्ठ्या टाकून किंवा यदृच्छेने जुळविलेल्या अंकांच्या तक्त्यावरून. असा एक तक्ता १९२७ साली टिपेट यांनीच छापला होता. मग चांगली जमीन नेमकी एकाच खताच्या वाट्याला येण्याचा संभव राहत नाही. कारखान्यात बीम चिठ्ठ्या टाकून वाटीत नाहीत, माणसेही वाटीत नाहीत. शाळांच्या निकालांचेही तसेच : कोणत्या शाळेत कोणाची मुले जातात, हे चिठ्ठ्यांनी ठरत नाही. म्हणून अशा ठिकाणी भागाकार मर्यादेपलीकडे गेला तर शोध सुरू करावयाचा असतो. तो संपला असे समजावयाचे नसते.

या साधनाच्या आणखी काही अटी आहेत. गटागटांच्या आतील चढउतार साधारण सारखा असावा, ही त्यांतील मुख्य. टिपेट यांच्या पहिल्या सुतात ती नीटशी पाळली जात नाही. सैल ताणाच्या नोंदी इतर दोहोंपेक्षा फारच विखुरलेल्या आहेत. मोजून काढलेल्या आकड्यांत असे वारंवार होते, सरासरी वाढली की विखुरलेपणाही वाढतो. अशा वेळी मूळ आकड्यांऐवजी त्यांची वर्गमुळे किंवा लॉगॅरिथम घेऊन हिशेब करतात. दुसरी अट अशी की प्रत्येक नोंद स्वतंत्र असली पाहिजे. एकाच बिघडलेल्या बीमच्या दहा दिवसांच्या दहा नोंदी या दहा साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार दहा वेळा बोलतो आहे.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि ती आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. भागाकार मर्यादेच्या आत राहिला तर ‘फरक दिसून आला नाही’ असे म्हणतात. ‘फरक नाही’ असे म्हणावयाचे नाही. पुष्कळ अहवालांतून या दोन वाक्यांची अदलाबदल होते, आणि ती सहसा कामगाराच्या सोयीची नसते. सूतगिरणीत ब्लोरूममध्ये आणि कार्डिंगमध्ये कापसाची धूळ सर्वांत जास्त उडते. वर्षानुवर्षे ती छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा विकार जडतो. आठवडी सुटीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, ही त्याची खूण. समजा, एखाद्या गिरणीने कार्डिंग, रिंग आणि कचेरी अशा तीन ठिकाणची पाच पाच माणसे तपासली. एका दमात पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर सोडता येते ते मोजले. आणि भागाकार आला १.५. पंधरा माणसांसाठी मर्यादा ३.८९ आहे. अहवाल येईल की खात्याखात्यांत फरक नाही, धुळीचा त्रास नाही, तेव्हा धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांवर खर्च करण्याचे कारण नाही. आता समजा, त्याच सरासऱ्या आहेत, माणसामाणसांतील चढउतारही तोच आहे, परंतु पाच पाच ऐवजी पंचवीस पंचवीस माणसे तपासली. गटागटांमधील आकडा पाचपट होतो, आतला तेवढाच राहतो. भागाकार येतो ७.५. आणि मर्यादा उतरून ३.१२ वर येते. खोकणारी माणसे तीच, धूळ तीच, आणि निवाडा फिरला.

तेव्हा असा अहवाल समोर आला की आम्ही सरासरीचे पान उलटून पुढे जातो आणि आधी माणसे किती तपासली ते पाहतो. नंतर ती कोणी निवडली ते विचारतो. कारण तपासणीच्या दिवशी जे आजारपणाच्या रजेवर घरी होते त्यांची नावे त्या यादीत सहसा नसतात.